माफी तिची, श्रोते आपण

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी माझी भाची आमच्याकडे अभ्यासाला म्हणून येऊन बसली होती. बाहेर पाऊस लागून राहिला होता, खिडकीच्या गजांवरून पाणी ओघळत होते आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचा दमट वास साऱ्या खोलीत भरला होता. तिने पुस्तक मिटले आणि माझ्या यादीतले एक गाणे लावले. गाणे जे-झी या अमेरिकी रॅपरचे होते, '४:४४' या अल्बममधले आणि अल्बमच्याच नावाचे. त्यात तो आपल्या पत्नीची, गायिका बियॉन्सेची, तिला फसवल्याबद्दल माफी मागतो. तिची सवय अशी की गाणे ऐकता ऐकता त्याचे शब्द फोनवर वाचत जायचे. एरवी ती मान डोलावते, एखादी ओळ मोठ्याने म्हणून पाहते. त्या दिवशी ती हलली नाही. गाणे संपल्यावर तिने कानातले काढून ठेवले आणि मला विचारले, "मामा, माफी तो तिची मागतोय ना? मग मी का ऐकतेय?" मी कलेबद्दल, अनुभवाच्या वैश्विकतेबद्दल काहीतरी बोललो. तिने मोठ्यांचे बोलणे ऐकून घ्यावे तसे ते ऐकून घेतले आणि ती पुन्हा भौतिकशास्त्राकडे वळली. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. तेव्हापासून तो अल्बम मी ज्या ज्या वेळी ऐकला, त्या त्या वेळी मी कुणाच्या तरी घरात आगंतुकासारखा उभा आहे, अशी जाणीव मला होत राहिली.

'४:४४' आला ३० जून २०१७ रोजी. जे-झी, म्हणजे शॉन कार्टर, तेव्हा ४७ वर्षांचा होता. हा त्याचा तेरावा स्टुडिओ अल्बम, आणि पहिला अल्बम येऊन २१ वर्षे उलटली होती. त्याच महिन्यात त्याला जुळी मुले झाली होती, आणि गीतकारांच्या सन्मान-सूचीत समाविष्ट होणारा पहिला रॅपर हा मानही त्याला त्याच महिन्यात मिळाला होता. अशा वेळी माणसाने मागे वळून आपली कमाई मोजावी, दोस्तांना बोलावून सोहळा करावा, हेच अपेक्षित असते. त्याने अवघी दहा गाणी दिली, जेमतेम ३६ मिनिटांची. पहिल्याच गाण्यात तो 'जे-झी'लाच संपवायला निघतो. बाराव्या वर्षी आपण सख्ख्या भावावर गोळी झाडली, मोठेपणी एका माणसाला भोसकले, घरचे भांडण लिफ्टमधल्या कॅमेऱ्यामुळे साऱ्या जगासमोर आले तेव्हा आपणच मेहुणीला डिवचले होते, हे तो एकामागून एक मांडत जातो. त्यात एक विचार असा येतो की वडील नव्हते तेव्हा अंगावर चिलखत होते ते ठीक होते, पण आता घरात मुलगी आहे, आता मऊ व्हायला हवे. रॅपच्या इतिहासात प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडणारी गाणी पुष्कळ आहेत. इथे तो सारा दारूगोळा कवीने स्वतःवरच वापरला आहे, आणि आवाज एकदाही चढवलेला नाही.

तो आवाज माझ्या पिढीच्या कानात प्रथम पडला तेव्हा असा नव्हता. २००३ साली पंजाबी एमसीचे, लाभ जंजुआच्या आवाजातले ते प्रसिद्ध भांगडा गाणे जे-झीच्या कडव्यांसह नव्याने आले. आमच्या वसतिगृहाच्या गच्चीवर, संगणकाच्या छोट्या स्पीकरांतून, तुंबीच्या त्या अखंड टणत्कारावर स्वार होऊन एक अमेरिकी माणूस बोलत असे. त्याचे अर्धेअधिक शब्द आम्हाला कळत नसत, पण त्याचा रुबाब नेमका कळत असे. नोकरीच्या मुलाखतींना घाबरणाऱ्या आम्हा मुलांना तो रुबाब हवासा वाटे. पुढे मी मागे जाऊन त्याचे जुने अल्बम ऐकले, तेव्हा त्या रुबाबाखाली काय आहे ते थोडे थोडे दिसू लागले. ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हेसंट भागातली मार्सी हाउसेस ही सरकारी वसाहत, १९४९ साली बांधून पूर्ण झालेल्या तिच्या २७ सहामजली इमारती, ऐंशीच्या दशकात तिथे शिरलेले क्रॅक नावाचे कोकेन, आणि जेमतेम अकरा वर्षांच्या मुलाला सोडून निघून गेलेला बाप. तो मुलगा क्रॅक विकू लागला. ज्याला रोज रस्त्यावर उभे राहायचे आहे, त्याला आपल्या आत काय चालले आहे ते चेहऱ्यावर येऊ देता येत नाही. बढाई ही तिथे चैन नव्हती, ती संरक्षणाची गोष्ट होती. रॅपने तिच्यातून कला घडवली. यमकांची घट्ट वीण, श्वासाचा हिशेब, समोरच्याला बोलू न देण्याची लय, हे सारे त्या गरजेतून आले आहे, असे मी मानतो.

पण चिलखताची किंमत आतला माणूस मोजतो आणि त्याच्या घरातली माणसेही मोजतात. २००० च्या आसपासचे त्याचे एक अतिशय लोकप्रिय गाणे आहे. त्यात आपण कुठल्याही स्त्रीला हृदय देणार नाही, हे तो मोठ्या तोऱ्यात सांगतो. पुढे, ते शब्द कागदावर वाचताना आपल्यालाच कसेसे झाले, हे त्याने मुलाखतीत मान्य केले. २००१ च्या 'द ब्लूप्रिंट'मध्ये तो एक पाऊल पुढे आला होता. तिथल्या एका गाण्यात गमावलेल्या प्रेयसीबद्दल बोलताना तो म्हणतो की अश्रू आपल्या डोळ्यांतून ओघळताना दिसणार नाहीत, तेव्हा रडण्याचे काम गाण्यालाच करावे लागेल. त्या वेळी ही कल्पना मला फार सुंदर वाटली होती. आज ती ऐकताना तिच्यातली पळवाटही ऐकू येते. दुःख आहे, दुखावणारा मीच आहे, हेही ठाऊक आहे, पण डोळे कोरडे राहिले पाहिजेत. पंचविशी-तिशीतल्या पुरुषाला एवढेच जमते, आणि काहींना त्यानंतरही कधी जमत नाही.

सोळा वर्षांनी गाण्याला ते काम करावे लागले नाही.

'४:४४' ची सगळी गाणी नो आय.डी. या शिकागोच्या निर्मात्याबरोबर केलेली आहेत. रॅपर कान्ये वेस्टला ज्याने घडवले तोच हा निर्माता. मोठ्या रॅपरच्या अल्बमवर पाच-दहा निर्माते असतात आणि प्रत्येक जण आपले एक हुकमी गाणे देऊन जातो. इथे तसे नाही. नो आय.डी.ने जे-झीला आवडणाऱ्या, त्याच्या घरात वाजणाऱ्या गाण्यांची यादी घेतली आणि त्यांतूनच सॅम्पल, म्हणजे नव्या गाण्यात वापरायचे तुकडे, निवडली. सॅम्पल म्हणजे आयता सापडलेला तुकडा न मानता, वाद्य वाजवावे तसे त्याने ते तुकडे वाजवले. शीर्षकगीताच्या बाबतीत तर त्याने मुद्दाम कोंडी केली. बियॉन्सेचा 'लेमोनेड' हा अल्बम २०१६ च्या एप्रिलमध्ये आला होता, फसवल्या गेलेल्या पत्नीचा संताप साऱ्या जगाने ऐकला होता, आणि नवरा त्यावर मोकळेपणाने काही बोलला नव्हता. दुसरे काहीच बोलता येणार नाही अशी एक बीट, म्हणजे शब्दांखालचे संगीत, नो आय.डी.ने तयार केली आणि त्याच्यापुढे ठेवली. जे-झी घरी गेला, पहाटे ४ वाजून ४४ मिनिटांनी जागा झाला आणि गाणे रचू लागला. गाणेही बरोबर ४ मिनिटे ४४ सेकंदांचे आहे, आणि दहा गाण्यांत पाचवे, म्हणजे अल्बमच्या ऐन मध्यावर. कागदावर काहीही न लिहिता डोक्यातच कडवी बांधणारा म्हणून हा माणूस प्रसिद्ध आहे. घर झोपलेले असताना ती कडवी मनात घोळवणारा हा माणूस माझ्या डोळ्यांपुढे अनेकदा येतो.

त्या बीटमध्ये हॅना विल्यम्स या इंग्लिश गायिकेचा आवाज आहे. तिच्या मूळ गाण्यात गुन्हा तिचाच आहे. आपण समोरच्याला रोज निराश करतो आहोत, त्याला जसे वागवायला हवे तसे आपण कधीच वागवणार नाही, हे ती स्त्री गळा फाडून सांगते. जे-झीच्या गाण्यात हा आवाज आधी सुटा, उघडा येतो, तुटतो, पुन्हा येतो, आणि त्याच्या खालून तो बोलायला लागतो. गाणे ऐकताना पत्नीची बाजू तो आवाज मांडतो आहे असे आधी वाटते. थोड्या वेळाने लक्षात येते की ती किंकाळी त्याचीच आहे. त्याच्या स्वतःच्या गळ्यातून ती निघत नाही, म्हणून एका अनोळखी बाईच्या गळ्यातून ती आली आहे. तो स्वतः मात्र हळू, जवळजवळ बोलल्यासारखा, कधी तालाच्या किंचित मागे राहून शब्द उच्चारतो. ज्याच्या लयीवर वीस वर्षे लोक फिदा होते, त्याने इथे ती मोडू दिली आहे. स्त्रीच्या डोळ्यांनी पाहायला शिकण्यासाठी मला मूल व्हावे लागले, हे तो सांगतो. मृत जन्मलेल्या बाळांबद्दल तो माफी मागतो, कारण तेव्हा आपण तिथे असूनही नव्हतो. मुलांना हे कळेल त्या दिवशी मी लाजेने मरेन, असे म्हणतो. या ओळी मी कितीही वेळा ऐकल्या तरी त्या जागी माझा हात आवाज कमी करायला जातो. दुसऱ्याच्या घरातले इतके आतले बोलणे आपण ऐकू नये, हा जुना संस्कार असावा.

माझ्या लहानपणीच्या घरात पुरुषांनी माफी मागितल्याचे मी कधी ऐकले नाही. भांडणानंतर वडील दोन दिवस अबोल राहत आणि तिसऱ्या दिवशी आंब्यांची पेटी किंवा आईला आवडणारी सुरमई घेऊन येत. आई ती पिशवी हातात घेई आणि विषय मिटला असे सगळे धरून चालत. आई कधी कधी पिशवी ओट्यावर तशीच ठेवून आत जाई, तेव्हा विषय मिटलेला नाही, हे आम्हा भावंडांना समजे आणि वडिलांनाही समजत असावे, पण त्यापुढची पायरी कुणालाच ठाऊक नव्हती. मी त्या पिढीला दोष देत नाही. तोंडाने 'माझे चुकले' म्हणायचे तर काय चुकले हेही सांगावे लागते, आणि एकदा ते सांगितले की माणूस त्या घरात पूर्वीइतका उंच राहत नाही. जे-झीच्या गाण्यात मला हेच पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे ऐकू आले. तो नुसते 'चुकले' म्हणून थांबत नाही, काय चुकले त्याची यादी देतो, आणि प्रत्येक ओळीबरोबर तो थोडा थोडा खाली येत जातो.

भाचीचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. हे सारे बंद खोलीत का नाही? आपल्याकडे याचे एक उत्तर फार जुने आहे. नामदेवांपासून तुकोबांपर्यंत संतांनी आपले दोष, आपला अहंकार, आपली चंचलता अभंगांतून उघडपणे मांडली. बोलणे विठोबाशी होते आणि ऐकायला सारे गाव बसलेले असे. ऐकणाऱ्याला त्यात स्वतःचा दोष दिसे, म्हणून त्याचे तिथे असणे आगाऊपणाचे ठरत नसे. पण ही तुलना मला शेवटपर्यंत नेता येत नाही. विठोबा दुखावला गेलेला नव्हता. इथे जिची माफी मागितली जाते आहे तिला इजा झालेली आहे, तिला स्वतःचा आवाज आहे, आणि जगाला ही गोष्ट आधी तिनेच सांगितलेली आहे. २०१७ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादकांशी बोलताना जे-झी म्हणाला होता की दोघांनीही आपापली कला जवळजवळ उपचाराच्या बैठकीसारखी वापरली, दोघे एकत्र गाणी करत होते, आणि तिची गाणी आधी पुरी झाली म्हणून ती आधी आली. म्हणजे आपण ज्याला खासगी दुःख समजतो ते त्या घरात स्टुडिओतच बोलले जात होते. एकमेकांना एकमेकांची गाणी ऐकवताना फार अवघड गेले, हेही त्याने लपवले नाही. याच मुलाखतीत तो जगण्याच्या धडपडीबद्दल बोलला. तग धरायचा म्हणून माणूस सगळ्या भावना बंद करून टाकतो आणि मग त्या घरातल्या स्त्रीसाठीही बंदच राहतात, असे त्याचे म्हणणे होते. मार्सीतल्या त्या मुलाची गोष्ट इथे येऊन मिळते.

तरीही माझ्या मते खरे उत्तर अल्बमच्या ध्वनीतच आहे, आणि ते मला उशिरा ऐकू आले. दहापैकी आठ गाण्यांत एका तरी स्त्रीचा आवाज आहे. दोन गाण्यांत गायिका नीना सिमोन आहे. हॅना विल्यम्स तर आहेच. कुटुंबातल्या कलहावरचे गाणे डेट्रॉइटच्या क्लार्क भगिनींच्या चर्चमधल्या गायनावर उभे आहे, आणि त्यांच्या मागे बियॉन्सेचा आवाज धूपासारखा पसरत जातो. एका गाण्यात फ्यूजीज या गटाची लॉरिन हिल आहे, दुसऱ्यात जमैकाची सिस्टर नॅन्सी. जे-झीची आई ग्लोरिया कार्टर स्वतः आपली कविता म्हणते, आणि शेवटच्या गाण्याची सुरुवात मुलगी ब्लू आयव्ही करते. एकेकाळी ज्याच्या गाण्यांत स्त्रिया बहुधा मोजण्यापुरत्या असत, तो इथे जवळजवळ प्रत्येक वेळी कुठल्या तरी स्त्रीचे बोलून झाल्यावर, किंवा तिच्या आवाजाखाली राहून बोलतो. हे ठरवून झाले असेल किंवा त्याच्या घरातल्या गाण्यांच्या यादीतून आपसूक घडले असेल. ऐकणाऱ्याला फरक जाणवतो. माफीचे शब्द एका गाण्यात आहेत, पण गप्प राहून आधी ऐकण्याची कृती अल्बमभर आहे.

त्यातले आईचे गाणे मला सर्वांत जवळचे वाटते. स्टीव्ही वंडरच्या १९७६ च्या एका गाण्याचा तुकडा त्यात आहे, तो उबदार आणि किंचित डळमळता आहे. ग्लोरिया कार्टरना चार मुले झाली, संसार झाला, आणि या सगळ्या काळात आपले प्रेम स्त्रियांवर आहे हे त्यांना लपवावे लागले. मुलगा हे अगदी साध्या शब्दांत सांगतो. आई प्रेमात पडली तेव्हा आपण आनंदाने रडलो, ती व्यक्ती पुरुष आहे की स्त्री याने काही फरक पडत नाही, असे तो म्हणतो. १९९६ मध्ये, त्याचा पहिला अल्बम आला त्या काळात, कुठल्याही मोठ्या रॅपरने हे म्हटले नसते, आणि म्हणणाऱ्याला तेव्हाच्या रॅपने जवळ केले नसते. शेवटी संगीत मागे सरते आणि आई सावलीत जगण्याबद्दल बोलते. आवाज वयस्कर आहे, सराव नसलेला आहे, एकेक वाक्य नीट ठेवत जाणारा आहे. २००१ च्या गाण्यात ज्याचे डोळे कोरडे होते, त्याच्या अश्रूंचा उल्लेख इथे आईच्या सुखासाठी आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता पैशाबद्दल, कारण त्यावाचून या अल्बमबद्दल प्रामाणिकपणे बोलता येणार नाही. नीना सिमोनने १९६६ साली वेगवेगळ्या वर्णछटांच्या चार काळ्या स्त्रियांवर एक गाणे रचले होते. त्यावर उभ्या असलेल्या गाण्यात जे-झी सांगतो की उजळ असो वा गडद, गरीब असो वा श्रीमंत, अमेरिकेच्या नजरेत काळा माणूस शेवटी काळाच राहतो. इथवर गाणे अप्रतिम आहे. जुन्या वंशद्वेष्ट्या व्यंगपटांच्या शैलीतले त्याचे कृष्णधवल दृश्यरूप पाहताना अंगावर काटा येतो. पण मग तो उपाय सांगू लागतो, आणि तो उपाय मालमत्ता हा आहे. ब्रुकलिनच्या डंबो भागातली इमारत २० लाख डॉलरना मिळत होती तेव्हा घेतली नाही, आज तिची किंमत अडीच कोटी आहे. दहा लाखांना घेतलेले चित्र काही वर्षांत ८० लाखांचे झाले. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या घर घेण्यासाठी कर्ज मिळू दिले गेले नाही, त्या समाजातला माणूस हे बोलतो तेव्हा त्यामागची कळकळ मी समजू शकतो. मार्सीतल्या कुणाच्या खिशात ते २० लाख असणार होते, हा प्रश्न मात्र मनात राहतोच. त्याच गाण्यात ज्यू समाज आणि मालमत्ता यांच्याविषयी एक ओळ आहे. तिच्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. कौतुक म्हणून म्हटला तरी जुना पूर्वग्रह पूर्वग्रहच असतो.

अल्बम विकलाही तसाच गेला. तो सुरुवातीला फक्त टायडल या जे-झीच्याच कंपनीच्या ऑनलाइन संगीतसेवेवर आणि स्प्रिंट या दूरसंचार कंपनीच्या ग्राहकांसाठी होता. स्प्रिंटने टायडलमध्ये ३३ टक्के हिस्सा आधीच घेतलेला होता. आठवडाभरात अल्बमला दहा लाख प्रतींचे प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळाले. माफीवर मोबाइल कंपनीचा शिक्का असावा, हे मला तेव्हा खुपले आणि आजही खुपते. पण सिस्टर नॅन्सीचे गाणे लागले की माझा हा राग थोडा निवळतो. १९८२ चे तिचे ते गाणे जगभर वाजत राहिले आणि त्याचे पैसे तिला कित्येक वर्षे मिळालेच नाहीत. काळ्या संगीताच्या इतिहासात अशा गोष्टी फार आहेत. आपल्या गाण्याची विक्री आपल्याच हातात ठेवण्याचा या माणसाचा हट्ट त्या इतिहासातून आला आहे. तिच्या आवाजावर बेतलेल्या जे-झीच्या गाण्याचे चित्रीकरण जमैकात, किंग्स्टनमध्ये झाले, आणि सिस्टर नॅन्सी त्यात स्वतः दिसते. हिपहॉपची सुरुवात जिच्यापासून धरतात ती ११ ऑगस्ट १९७३ ची ब्रॉन्क्समधली मेजवानी ज्याने गाजवली, तो डीजे कूल हर्क मूळचा किंग्स्टनचाच.

१९७३ ते २०१७ म्हणजे ४४ वर्षे. हा कलाप्रकारच तोवर मध्यमवयात आलेला होता आणि त्यात वय कसे वाढू द्यायचे याचा नमुना कुणापाशी नव्हता. रॅपर टुपाक २५ व्या वर्षी गेला. ब्रुकलिनचाच बिगी, जे-झीचा मित्र, त्याच्या पहिल्या अल्बममध्ये त्याच्याबरोबर गायलेला, २४ व्या वर्षी गेला. जे उरले त्यांतले बरेच जण वयाशी झगडत राहिले. २००६ मध्ये जे-झीही तिशी म्हणजेच नवी विशी असे सांगत होता, आणि तो अल्बम मला कधीच फारसा आवडला नाही, कारण त्यात तरुण दिसण्याचे कष्ट ऐकू येतात. '४:४४' मध्ये ते कष्ट त्याने टाकून दिले आहेत. नव्या पिढीतले सगळे एकसारखे ऐकू येतात, ही तक्रार तो करतो, आणि वडीलधाऱ्यांची ही नेहमीची कुरकुर मला तिथे नीरस वाटते. पण ढोल मागे ठेवून शब्द पुढे आणण्याची, ध्रुवपदाचा मोह टाळण्याची आणि गाणे संपले की थांबण्याची जी रीत या अल्बममध्ये आहे, ती वयाशिवाय येत नाही. २०१८ च्या ग्रॅमीत त्याला सर्वाधिक, म्हणजे आठ नामांकने होती आणि एकही पुरस्कार मिळाला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये नवरा-बायकोने मिळून एक अल्बम काढला. तो समेटाचा अल्बम आहे, चकचकीत आणि जिंकल्याच्या आनंदात असलेला. मी तो क्वचितच लावतो.

मी परत जातो ते '४:४४' च्या शेवटच्या गाण्याकडे. लहानगी ब्लू आयव्ही बाबांना विचारते की मृत्युपत्र म्हणजे काय, आणि बाबा उत्तर द्यायला लागतात. खाली डॉनी हॅथवेचा आवाज आहे, १९७३ च्याच एका गाण्यातला, एक दिवस आपण सारे मुक्त होऊ असे म्हणणारा. मिळकत कुटुंबात कशी पसरायची, एकट्याने श्रीमंत न होता सगळ्यांनी मिळून कसे उभे राहायचे, हे जे-झी सांगतो. डंबोच्या इमारतीचा हिशेब करणारा तोच माणूस इथे वेगळा वाटतो, कारण पैसा आता कुणाच्या तरी हाती जातो आहे. आणि मग मुलीच्या त्या निरागस प्रश्नाच्या उत्तरातच तो आपल्या वडिलांच्या वडिलांची गोष्ट आणतो. ते धर्मोपदेशक होते, आणि त्यांच्या हातून त्यांची स्वतःची मुलगीही सुटली नाही. त्या एका पापाने सारे घराणे मागे फेकले गेले, शून्यावर यायलाच इतकी वर्षे लागली, असे तो म्हणतो. रविवारी प्रवचन देणाऱ्या त्या माणसाचे सोमवारचे वागणे पाहून आपल्याला धर्माचाच तिटकारा आला होता, हेही तो सांगतो आणि त्याला क्षमा करण्याची गोष्ट काढतो. माफी मागणारा माणूस इथे माफी देणाऱ्याच्या जागी येतो, आणि ती जागा अधिक अवघड आहे हे त्याच्या घाईतून कळते. ज्या आत्यावर तो अत्याचार झाला तिचा आवाज मात्र इथे नाही, आणि इतक्या स्त्रियांचे आवाज ऐकल्यानंतर ती उणीव फार जाणवते. तीन मिनिटांच्या आत गाणे संपते. त्याला आणखी एक कडवे हवे होते, आणि ते तिचे हवे होते.